बक्षीस नेमकं काय शिकवतं? संडास, खिचडी आणि गुड मॉर्निंग पथक

(वाशिम इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला काही भाग दिला आहे.)

समोर बरेच शिक्षक बसलेत, दोन-तीन ग्रामसेवक दिसतात, मागं अंगणवाडीच्या ताई आहेत. म्हणजे ज्यांना रोज कुणाला तरी काहीतरी शिकवायचं असतं, किंवा कुणाचं तरी वागणं बदलून दाखवा असा वरून आदेश असतो, अशी सगळी माणसं इथं आहेत. मीही त्यातलाच. बत्तीस वर्षं शाळेत काढली. छडी वापरली आणि बक्षिसंही वाटली. त्यामुळं आज मी जी टीका करणार आहे, तिची सुरुवात माझ्यापासून करतो.

नोकरीच्या मधल्या काळात मी वर्गात वाचनपेटी सुरू केली होती. पत्र्याची पेटी, तिच्यात साठ-सत्तर गोष्टींची पुस्तकं. पहिले दोन महिने पोरं पेटीवर तुटून पडायची. मला वाटलं, याला आणखी जोर द्यावा. मी जाहीर केलं, पाच पुस्तकं वाचली की एक पेन्सिल. झालं काय? आठवड्याभरात जाड पुस्तकं पेटीत तशीच राहिली आणि बारा-सोळा पानांची पातळ पुस्तकं हातोहात फिरायला लागली. पोरं सकाळी पुस्तक न्यायची आणि मधल्या सुट्टीत परत आणून द्यायची. वही भरली, माझा अहवाल भरला, साहेबांनी पाठ थोपटली. पेन्सिली संपल्या तेव्हा मी म्हटलं, आता पेन्सिल नाही, पण वाचत राहा. तर एक पोरगं सरळ म्हणालं, "गुर्जी, पेन्सिल नाही तं वाचू कायले?" (हशा)

आपण हसतो, पण त्या पोराचं काय चुकलं? वाचायचं कशासाठी, तर पेन्सिलीसाठी, हे मीच त्याला शिकवलं होतं. तो माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी होता म्हणा ना. मी जे शिकवलं ते तो बरोबर शिकला.

आजचं माझं म्हणणं एवढंच आहे. बक्षिसानं माणूस शिकत नाही, असं काही जण म्हणतात. ते चूक आहे. बक्षिसानं माणूस शिकतो, नक्की शिकतो. पण ज्या गोष्टीला आपण बक्षीस बांधलं, नेमकी तीच गोष्ट शिकतो. आपल्या मनात जी होती ती नाही. आपल्या जिल्ह्यातल्या आणि राज्यातल्या योजना या कसोटीवर लावून बघू.

मांजर, उंदीर आणि संपत आलेल्या गोळ्या

थोडं शास्त्र सांगतो, फार नाही. एडवर्ड थॉर्नडाइक नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता. त्यानं १८९८ साली मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. उपाशी मांजर पेटीत कोंडायचं आणि बाहेर खाणं ठेवायचं. आत एक दोरी किंवा दांडी, ती ओढली की दार उघडतं. मांजर आधी ओरबाडतं, चावतं, उड्या मारतं, आणि चुकून दोरी ओढली जाते. पुन्हा कोंडलं की थोडं लवकर ओढते, तिसऱ्यांदा आणखी लवकर. त्यावरून त्यानं नियम मांडला, की ज्या वागण्याचा परिणाम सुखाचा होतो ते वागणं पक्कं होत जातं. याला परिणामाचा नियम म्हणतात. सुरुवातीला त्याचं मत होतं की शिक्षेनं वागणं तेवढंच कमजोर होतं. पण १९३० च्या दशकात त्यानं स्वतःच हे मत बदललं. बक्षीस आणि शिक्षा ही तराजूची दोन सारखी पारडी नाहीत, असं त्याला दिसलं.

पुढं बी. एफ. स्किनर आला. १९३८ साली त्याचं पहिलं मोठं पुस्तक निघालं. उंदीर, पेटी, दांडी दाबली की अन्नाची गोळी, हे तुम्ही डी.एड.ला, बी.एड.ला वाचलेलं आहे. पण एक किस्सा बहुतेकांना शिकवलेला नसतो. स्किनरला त्या गोळ्या हातानं बनवाव्या लागत. एकदा गोळ्या संपत आल्या, म्हणून त्यानं प्रत्येक दाबण्याला गोळी द्यायचं बंद करून मिनिटाला फार तर एक गोळी द्यायचं ठरवलं. आणि त्याला दिसलं की उंदीर दांडी दाबायचं सोडत नाही. यातूनच पुढं कळलं की रोज मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून, अवचित मिळणारं बक्षीस वागणं जास्त चिवट करतं. मटक्याच्या अड्ड्यावर माणूस का बसून राहतो, हे यात आलं. आपला हात दर पाच मिनिटाला मोबाइलकडं का जातो, हेही यातच आलं.

आणि तिसरी गोष्ट, जी स्किनरनं जन्मभर सांगितली आणि त्याचं नाव घेणाऱ्यांनी सगळ्यात कमी ऐकली. शिक्षेनं वागणं जात नाही, दबतं. शिक्षा करणारा दूर गेला की ते परत वर येतं. शिक्षेनं माणूस एकच गोष्ट पक्की शिकतो, शिक्षा करणाऱ्याला चुकवायला.

तेव्हा तीन प्रश्न लक्षात ठेवा. परिणाम कशाला बांधला आहे? तो कधी मिळतो? आणि देणारा निघून गेल्यावर काय उरतं?

बारा हजार रुपये कशाचे?

आता संडासाकडं येतो. सभेत असा विषय काढला की लोक चुळबुळ करतात. पण ज्या बायांना अंधार पडायची वाट बघत दिवस काढावा लागतो, त्यांच्यासाठी हा चुळबुळीचा विषय नाही.

महाराष्ट्रानं २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री होते. कल्पना नवी होती, अनुदान वाटण्याऐवजी गावांची स्पर्धा लावायची. गावं अक्षरशः झाडून निघाली. जे काम वीस वर्षांच्या अनुदानानं झालं नव्हतं, ते काही गावांनी एका हंगामात केलं. हे मान्य करायलाच हवं. पुढं केंद्रानं निर्मल ग्राम पुरस्कार आणला. २००५ पासून तो मिळायला लागला, आणि देशात सर्वात जास्त पुरस्कार महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींनी घेतले.

मग २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान आलं. घरी संडास बांधा, फोटो काढा, तो जागेच्या नोंदीसह संगणकावर चढवा, आणि १२,००० रुपये प्रोत्साहन अनुदान घ्या. एप्रिल २०१८ मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, आणि २ ऑक्टोबर २०१९ ला सगळा देश.

आता पहिला प्रश्न विचारू. परिणाम कशाला बांधला होता? १२,००० रुपये कशाचे होते? वापरण्याचे नव्हते, बांधण्याचे होते. आणखी नेमकं बोलायचं तर फोटोचे होते. म्हणून माणूस बांधायला शिकला आणि फोटो काढायला शिकला. आपल्या भागात फिरलात तर संडासात गोवऱ्या रचलेल्या दिसतील, कुटार भरलेलं दिसेल, कुठं शेळी बांधलेली दिसेल. अधिकारी म्हणतात, लोकांची मानसिकता बदलत नाही. मी म्हणतो, साहेब, त्यांची मानसिकता तुमच्या अटीप्रमाणंच बदलली आहे. तुम्ही खोली मागितली, त्यांनी खोली दिली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. म्हणजे देश हागणदारीमुक्त जाहीर झाला त्याच काळात. त्या पाहणीत देशातली १९ टक्के कुटुंबं कुठलाच संडास वापरत नसल्याचं निघालं. आधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, हे प्रमाण ३९ टक्के होतं. आता हे दोन्ही आकडे एकत्र वाचा. पाच-सहा वर्षांत प्रमाण निम्म्यावर येणं हे खरोखर मोठं काम आहे. आणि १९ टक्के शिल्लक असताना शंभर टक्क्यांचा सोहळा करणं हा त्याच कामाचा अपमान आहे. एकदा गाव मुक्त झाल्याचा फलक लागला की उरलेल्या घरांसाठी धावपळ करण्यात कुणालाच काही मिळत नाही. उलट ती घरं आहेत असं म्हणणारा माणूसच अडचणीचा ठरतो.

एकाच संडासाचे दोन परिणाम

अजून एक गोष्ट. परिणाम परिणाम म्हणतो आपण, पण कुणासाठी परिणाम? एकाच घरात एकाच संडासाचे परिणाम नवऱ्याला वेगळे आणि बायकोला वेगळे असतात.

पुरुषाचं बघा. सकाळी टमरेल घेऊन गोदरीकडं निघतो. मोकळी हवा असते, सोबत्याशी चार गोष्टी होतात, वाटेत शेतावर नजर टाकली जाते. हे त्याचं बक्षीस आहे आणि ते रोज मिळतं. सरकारच्या एकदाच मिळालेल्या बारा हजारांनी हे रोजचं बक्षीस कसं हटेल? बाईचं बघा. तिला बाहेर जाण्यात अंधाराची भीती आहे, विंचूकाटा आहे, दिवसभर रोखून धरणं आहे. संडासानं हे सगळं टळतं. त्रास टळणं हेही बक्षीसच असतं. मानसशास्त्रात त्याला ऋण प्रबलन म्हणतात, आणि पुष्कळ जण त्याला चुकून शिक्षा समजतात.

मग बाया शंभर टक्के वापरतील ना? तर नाही, कारण पाणी. आपला जिल्हा पाणी देणारा आहे, ठेवणारा नाही. काटेपूर्णा इथं उगम पावते आणि अकोल्याची तहान भागवायला जाते. पैनगंगा आपल्याला लागून जाते. अडाण, अरुणावती इथल्याच. पाऊस पडतो आणि उतारानं निघून जातो. एप्रिल-मे महिन्यात घरातल्या पाच माणसांनी संडास वापरायचा तर रोज पाच-सात बकेटा पाणी जास्त लागतं. ते आणतं कोण? बाईच आणते. म्हणजे ज्या वागण्याला आपण बक्षीस देतोय म्हणतो, त्याच वागण्याला चार महिने शिक्षा जोडलेली आहे. संडासाची योजना एका टेबलावर आणि पाण्याची दुसऱ्या टेबलावर असली की असं होतं.

२०१५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईनं मंगळसूत्र विकून घरी संडास बांधला होता. राज्यभर बातमी झाली, मंत्र्यांनी सत्कार केला. सत्कार योग्यच होता. पण त्या बाईनं ते सत्कारासाठी केलं नव्हतं. तिचं बक्षीस त्या चार भिंतींतच होतं. सत्कार करताना आपण एक प्रश्न विचारायला विसरलो. अशी निकड असलेल्या बाईला मंगळसूत्र विकावं का लागलं? कारण अनुदान बांधून झाल्यावर मिळत होतं. ज्याच्या हातात आधी पैसा आहे, बक्षीस त्यालाच आधी. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याला आधी सोनं मोडावं लागतं.

शिट्टी वाजली, माणूस उठला

आता शिक्षेकडं. गुड मॉर्निंग पथक आठवतं ना सगळ्यांना? (हशा) पहाटे पाचला सरकारी गाडी यायची. टॉर्च, शिट्टी, कधी गुलाबाचं फूल, कधी फोटो, कधी पोलीस कायद्याखाली बाराशे रुपयांचा दंड. काही पथकांत तर शिक्षकांनाही जुंपलं होतं. इथं बसलेल्यांपैकी कितीजण गेले होते, हात वर करायला सांगत नाही. (हशा) मी गेलो होतो.

मी काय पाहिलं ते सांगतो. टॉर्चचा उजेड पडला की बाया तशाच उभ्या राहायच्या. अर्ध्यातून. तोंड फिरवून. त्यात माझ्या शाळेतल्या मुलींच्या आया होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच मुलींना मी 'स्वच्छतेचं महत्त्व' शिकवत होतो, आणि एक मुलगी माझ्याकडं मान वर करून बघत नव्हती. त्या पहाटेनं तिला काय शिकवलं असेल? स्वच्छता नक्कीच नाही. गरिबाची अब्रू सरकारी टॉर्चपेक्षा स्वस्त असते, हे शिकवलं असेल. ही माझ्या नोकरीतली अशी गोष्ट आहे की जिची मला अजून लाज वाटते.

आणि उपयोग काय झाला? पंधरा दिवसांत गावाला पथकाच्या वेळा पाठ झाल्या. आपल्याकडं पथक मंगळवारी येतं, गाडी फाट्यावर वळली की आवाज येतो, असं पोरंसुद्धा सांगायची. लोक पाचऐवजी चारला जायला लागले, किंवा नाल्याच्या पलीकडं. स्किनरनं हेच सांगितलं होतं. वागणं तेच राहतं, फक्त शिट्टी कधी वाजते हे माणूस शिकतो.

शिक्षेबद्दल इस्रायलमधला एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी तो केला, २००० साली प्रसिद्ध झाला. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे. म्हणून सहा पाळणाघरांत उशिराला दंड लावला. काय व्हायला हवं होतं? उशीर कमी. झालं उलटं. उशिरा येणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. आधी बाई थांबल्यात म्हणून संकोच वाटायचा. आता दंड भरला की संकोच संपला, दंड म्हणजे उशिराचं भाडं झालं. पुढं दंड काढून टाकला, तरी उशीर पूर्वीवर आला नाही. गेलेला संकोच परत आला नाही.

आपल्याकडं दंडाची पावती फाडताना हे कुणाच्या मनात आलं होतं का? गावात एकमेकांचा जो धाक असतो, चार माणसं काय म्हणतील याचा, तो आपण बाराशे रुपयांना विकला.

खिचडी जिंकली, रुपया हरला

फक्त टीकाच करतो असं वाटायला नको. बक्षीस नीट बांधलं तर काय होतं, तेही आपल्या शाळांनीच दाखवलं आहे.

१९९२ पासून महाराष्ट्रात दुर्बल घटकांतल्या प्राथमिक शाळेतल्या मुलींना उपस्थिती भत्ता सुरू झाला. हजर राहिलं की दिवसाला एक रुपया. हेतू उत्तम, पण रुपया एकच राहिला आणि दिवस बदलत गेले. शिवाय तो रुपया मिळायचा कधी? हजेरीची बेरीज करून, वर पाठवून, मंजूर होऊन, पुष्कळ महिन्यांनी. जूनमध्ये शाळेत आलेल्या मुलीला त्याचं फळ पुढच्या वर्षी. मुलीच्या मनात त्या रुपयाची आणि आजच्या हजेरीची गाठ बसणार कशी?

दुसरीकडं खिचडी. शालेय पोषण आहार १९९५ ला सुरू झाला, तेव्हा पुष्कळ ठिकाणी कोरडे तांदूळ घरी देत. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शिजवलेलं अन्न द्या. हा बदल दिसायला लहान आहे, पण शिकण्याच्या दृष्टीनं फार मोठा आहे. तांदळाची पिशवी महिन्यातून एकदा बापाच्या हातात जाते, गरम खिचडी रोज दुपारी मुलाच्या ताटात पडते. जो शाळेत आला त्यालाच, त्याच दिवशी, शाळेतच. आणि खिचडी ही लाच नाही, हेही लक्षात घ्या. भुकेल्या पोराला गणित येत नाही. पोटात अन्न असलं तर शिकणं जमतं, आणि जमायला लागलं की शिकण्याचीच गोडी लागते. पुढं ओढणारं काम ती गोडी करते.

माझी पेन्सिल इथंच चुकली. पोरांना आधीच गोडी होती, मी तिच्यावर मजुरी लावली. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी अमेरिकेत लहान मुलांवर असाच प्रयोग केला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळात आवडत होतं, त्यांतल्या काहींना चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र देऊ असं आधी सांगितलं. नंतर मोकळ्या वेळात ती मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढू लागली. बक्षीस न सांगता अचानक ज्यांना मिळालं, त्यांची गोडी मात्र कमी झाली नाही. या विषयावर तज्ज्ञांमध्ये पुढं बराच वाद झाला आणि तो व्हायलाही हवा. पण शिक्षकाला कामापुरता अर्थ स्पष्ट आहे. जिथं गोडी नाही तिथं बक्षिसानं सुरुवात करून द्या, जिथं आहे तिथं तिच्या वाटेत येऊ नका.

पाण्याची स्पर्धा आणि जिल्ह्याचा नंबर

पाणी फाउंडेशनचा वॉटर कप २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाला. पुढं आपल्या कारंजा, मंगरूळपीर तालुक्यांतली गावंही त्यात उतरली. भर उन्हाळ्यात सुमारे ४५ दिवस माणसं टिकाव-फावडी घेऊन माळावर होती. बक्षीस लाखांत होतं, पण ते पूर्ण राज्यात मोजक्याच गावांना मिळणार होतं. मग बाकीच्यांनी का खोदलं? एक तर स्पर्धेआधी गावातल्या माणसांना, बायांनासुद्धा, प्रशिक्षण दिलं होतं. नुसतं 'करा' म्हटलं नव्हतं, कसं करायचं ते शिकवलं होतं. दुसरं म्हणजे कामाचा परिणाम कामातच होता. पहिल्या पावसात चर भरलेला दिसतो. त्याला परीक्षक लागत नाही.

तरी इथंही माझा पहिला प्रश्न आहेच. स्पर्धेचा भर होता पाणी अडवण्यावर. म्हणून गावं पाणी अडवायला शिकली. अडवलेलं पाणी कमी वापरायला आपोआप शिकली नाहीत. विहिरीला पाणी आलं की कुठं जास्त पाण्याचं पीक आलं, कुठं नवी बोअर आली. पण आयोजकांनी हे ओळखलं असावं, कारण २०१९ नंतर त्यांनी तीच स्पर्धा चालू न ठेवता पाण्याचा वापर, मातीचा कस, गवत, झाडं यांच्याकडं वळणारी समृद्ध गाव स्पर्धा आणली, आणि नंतर शेतकऱ्यांच्या गटांसाठी फार्मर कप. आपलं बक्षीस काय शिकवतंय हे बघून बक्षीस बदलणं, हे मला त्या स्पर्धेतल्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोलाचं वाटतं. सरकारी योजनांत हे फारसं दिसत नाही.

आणि शेवटी आपण सगळेच त्या पेटीत आहोत. जानेवारी २०१८ मध्ये आकांक्षित जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात, नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव, आणि आपलं वाशिम. ४९ निर्देशांक, आरोग्य-पोषणाला ३० टक्के वजन, शिक्षणाला ३०, शेती-पाण्याला २०, बाकीच्यांना २०. दर महिन्याला नंबर. कुठं होता यापेक्षा किती पुढं सरकलात यावर नंबर, ही त्यातली चांगली गोष्ट. मागं असलेल्या मुलाला पहिल्या नंबराशी न ताडता त्याच्याच कालच्या पाटीशी ताडणं, हे चांगल्या मास्तरचं लक्षण आहे.

पण दर महिन्याला नंबर येणार म्हटल्यावर यंत्रणा काय शिकेल? महिन्यात जे हलतं तेच हलवायला शिकेल. नोंदणी महिन्यात वाढते. कुपोषित मुलाचं वजन टिकून राहायला वर्ष लागतं. अंगणवाडीच्या ताई, तुम्हाला मी सांगायला नको. वजनकाट्यावर मूल चढवायचं की रजिस्टरवर, हा मोह कुठून येतो? तुमच्या स्वभावातून नाही येत. वजन कमी आलं तर नोटीस आणि बरोबर दाखवलं तर शाबासकी, असा परिणाम बांधलेला असला की प्रामाणिक बाईलाच रोज शिक्षा होते. खरं सांगणाऱ्याला शिक्षा होत असेल तर वरच्यांना खरं कधीच कळणार नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार ही आहे.

बाबांच्या नावाचं बक्षीस

शेवटचं सांगतो. ज्यांच्या नावानं आपण ग्रामस्वच्छतेचं बक्षीस देतो, ते गाडगेबाबा आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. १८७६ चा जन्म, १९५६ ला गेले. गावात शिरले की आधी खराटा. भाकरी घ्यायची तर आधी काम. कुणी पाया पडायला आलं तर काठी उगारायचे. म्हणजे ज्या माणसानं नमस्काराचंसुद्धा बक्षीस घेतलं नाही, त्याच्या नावानं आपण रोख रक्कम ठेवली. (शांतता) मी थट्टा करत नाही. त्या अभियानानं कामही केलं, हे मी आधीच म्हटलं.

पण बाबांची शिकवण्याची रीत बघा. दिवसा स्वतः झाडायचे. लोक आधी बघत, मग लाजत, मग खराटा हातात घेत. रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. दुसऱ्याला करताना बघून माणूस शिकतो, हे अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९६१ साली लहान मुलांवर प्रयोग करून दाखवलं. बाबांनी ते कितीतरी वर्षं आधी वऱ्हाडच्या गावागावांत करून दाखवलं होतं. आणि दुसऱ्या गावाला निघताना मागं काय राहायचं? झाडलेलं गाव. त्या रात्री माणसाला आपलंच अंगण स्वच्छ दिसायचं, तेच त्याचं बक्षीस.

म्हणून उद्या शाळेत, अंगणवाडीत, ग्रामपंचायतीत जाल तेव्हा एवढंच करा. कुठलंही बक्षीस, कुठलाही दंड लावण्याआधी कागदावर एक ओळ लिहा, "यातून हा माणूस नेमकं काय करायला शिकेल?" उत्तरात फोटो, सही, रजिस्टर असे शब्द आले, तर ती योजना फाडून परत लिहा. (टाळ्या)

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न (एक शिक्षिका) : सर, मग शिक्षा करायचीच नाही का? चाळीस मुलं असतात हो वर्गात.

उत्तर : ताई, मारायचं नाही, हे तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. पण परिणाम नकोत असं मी म्हटलं नाही. पाणी सांडलं तर पुसायचं, हा परिणाम आहे. त्यासाठी ओणवं उभं करणं ही शिक्षा आहे. पहिल्यात मूल पुसायला शिकतं, दुसऱ्यात तुम्हाला घाबरायला शिकतं. परिणाम चुकीशी जुळलेला असावा, लगेच व्हावा, आणि झाला की विषय संपावा. आणि चाळीसांतल्या ज्या तीस जणांनी गडबड केली नाही, त्यांच्याकडं आपलं लक्ष जातं का, हेही बघा. लक्ष हे सगळ्यात स्वस्त बक्षीस आहे, आणि ते आपण बहुतेक वेळा खोडकर पोरालाच देतो.

प्रश्न (मागच्या रांगेतून एक आई) : माझा मुलगा मोबाइल दिल्याशिवाय जेवतच नाही. काय करू?

उत्तर : (हसत) बाई, आधी हे ठरवू की कोण कुणाला शिकवतंय. तो रडतो, तुम्ही मोबाइल देता, तो गप्प होतो. त्याला रडण्याचं बक्षीस मिळालं आणि तुम्हाला देण्याचं. दोघंही शिकलात. आता बंद कराल तर पहिले चार दिवस तो जास्त रडेल. बक्षीस अचानक थांबलं की वागणं आधी उसळी घेतं, हे प्रयोगशाळेतही दिसतं. त्या चार दिवसांत एकदा जरी दिलात, तर तो शिकेल की भरपूर रडलं की मिळतं. म्हणून घरातल्या सगळ्यांनी, आजीनंसुद्धा, आधी एकमत करा. आणि ताटासमोर मोबाइल नसेल तर कुणीतरी माणूस असायला हवा. तो नसेल तर पोराचा दोष नाही.

प्रश्न (एक ग्रामसेवक) : सर, वरून उद्दिष्ट येतं. आम्ही कागदावर ओळ लिहून काय होणार?

उत्तर : तुमचं म्हणणं खरं आहे, आणि मी ते टाळणार नाही. तुम्हालाही नोटीस आणि शाबासकी यांतच ठेवलेलं आहे. पण एक गोष्ट तुमच्या हातात आहे. ग्रामसभेत किती संडास बांधले हे वाचून दाखवता, त्याच्या खाली किती वापरात नाहीत आणि का नाहीत, ही एक ओळ वाचा. पाणी नाही म्हणून, खड्डा भरला म्हणून, दार मोडलं म्हणून. ती ओळ वाचल्याबद्दल तुम्हाला कुणी बक्षीस देणार नाही. पण त्या ओळीतल्या बायकांना कळेल की खरं बोललं तर कुणीतरी ऐकतं. तेवढं जरी गाव शिकलं, तरी पुष्कळ झालं.